खाडीपलीकडचे ग्रह

भाईंदर सुटलं की दाराजवळ या. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये हे सांगायला सोपं आणि करायला अवघड, पण कोपर पुढे काढा, कोणी विचारलं तर "नायगावला उतरायचंय" म्हणा आणि सरकत राहा. गाडी पुलावर चढते, चाकांचा आवाज एकदम पोकळ होतो. डावीकडे समुद्राकडे रुंद होत गेलेली वसईची खाडी, उजवीकडे घोडबंदरच्या अंगाचे डोंगर, मध्ये पाणजू बेट. आज ही खाडी ओलांडताना तुम्ही सालही ओलांडणार आहात. पलीकडे कुठलं साल लागेल ते गाडी ठरवेल. तुम्ही फक्त खाली उतरून नीट बघायचं, कारण पडद्यावरचे जे ग्रह तुमच्या मनातून इतकी वर्षं गेले नाहीत, त्यांची माती इथेच कुठेतरी सापडणार आहे.

पूल संपतो. डबा निम्मा रिकामा झालेला असतो. समोरच्या बाकावर कोणीतरी विसरून गेलेलं वर्तमानपत्र, त्यावर साल १९८५, वार रविवार. बाहेर मिठागरं. चौकोनी वाफ्यांत अडवलेलं खाडीचं पाणी, त्यात उतरलेलं आभाळ, कडेला पांढऱ्या ढिगांची रांग. लांब दांड्याला फळी बसवलेलं अवजार घेऊन एक माणूस मीठ काठाकडे ओढतो आहे. तो ओढतो, थांबतो, कपाळावरचा घाम मनगटाने पुसतो, पुन्हा ओढतो. पश्चिमेकडे त्याच्या मागे नजर अडेल असं काही नाही.

हे दृश्य तुम्ही आधी पाहिलं आहे. जॉर्ज लुकासने १९७६ साली ट्युनिशियातल्या चोट अल-जरीद नावाच्या खाऱ्या, वाळलेल्या सरोवरावर कॅमेरा लावला आणि पुढच्या वर्षी 'स्टार वॉर्स'मधून तो सपाट मिठाचा प्रदेश जगाने टॅटुईन म्हणून ओळखला. ग्रहाचं नावही तिथल्याच ततावीन गावावरून. जमिनीखाली खोदलेलं नायक ल्यूकचं घर म्हणजे मतमाता गावातलं बर्बर लोकांचं जुनं घर, तेव्हा तिथे हॉटेल चालत होतं. लुकासने जागेत फार फेरफार केले नाहीत. आभाळात आणखी एक सूर्य चढवला आणि ल्यूकच्या काकाला हवेतला ओलावा गोळा करून जगणारा शेतकरी केलं. एवढ्यावर तो ग्रह उभा राहिला. एक मुलगा संध्याकाळी दोन सूर्य बुडताना बघत उभा आहे आणि त्याला इथून बाहेर पडायचंय, पण काका म्हणतो आहे की यंदाचा हंगाम तरी थांब. वाडीवर वाढलेल्या कुठल्याही पोराला हे वाक्य भाषांतर करून सांगावं लागत नाही.

वसई रोडला उतरा, एसटी पकडा, गिरीजच्या रस्त्याला या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या, मधूनच पानवेलीचे मांडव, पाटातून खळखळ जाणारं पाणी. एका कौलारू घराबाहेर चपलांचा ढीग दिसला की आत शिरा. कोणी तुम्हाला "तुम्ही कोण?" म्हणणार नाही. रविवारी सकाळी ज्याच्या घरी टीव्ही, त्याचं घर सगळ्या आळीचं.

लाकडी पेटीतला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. एक मुलगा कौलांवर चढून अँटेना फिरवतो आहे. "आलं का?" "नाही, मुंग्याच!" "आता?" "थांब, थांब, तिथंच थांब!" आणि मुंग्या विरतात, तारे सरकतात, एंटरप्राइझ यान पडदा कापत जातं. दूरदर्शन त्या वर्षांत रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' दाखवत असे. संवाद इंग्रजीत. इंग्रजी शाळेत जाणारा थोरला नातू आजीला मराठी करून सांगतो, आणि त्याला जे समजत नाही ते तो स्वतः रचतो. या घरातल्या निम्म्या ग्रहांचा कर्ता तो आहे.

समजा, आज तुमचं नशीब जोरावर आहे आणि 'द डेव्हिल इन द डार्क' हा १९६७ सालचा भाग लागला आहे. ग्रह जेनस-सहा. वर काहीच नाही, सगळं जमिनीखाली: बोगदे, खाणी, खाणकामगार. कोणीतरी कामगारांना एकामागून एक जाळून मारतं आहे. मग ते जनावर दिसतं, हॉर्टा. करपलेल्या भाकरीसारखं, सरपटणारं, दगडाचं बनलेलं. रबराच्या त्या खोळीत यानोस प्रोहास्का नावाचा कसरतपटू गुडघ्या-हातांवर रांगतो आहे, हे तुम्हाला ठाऊक असूनही तुम्ही मागे सरकता. यानावरचा स्पॉक डोळे मिटून त्या दगडी अंगावर हात ठेवतो आणि वेदनेने ओरडतो. ती आई आहे. बोगद्यांत जे चेंडूसारखे गोल दगड सापडत होते आणि कामगार जे फोडून टाकत होते, ती तिची अंडी.

खोलीत कोणी हलत नाही. नातू भाषांतर करायचं विसरला आहे, पण आजीला कळलं आहे.

"म्हणजे त्यांनी तिची पोरं फोडली," ती म्हणते. थोड्या वेळाने, "आणि ही एवढी माणसं जमिनीखाली राहतात, ती पाणी कुठनं आणतात?"

मुलं हसतात. तुम्ही हसू नका. पडद्यावरच्या ग्रहाला विचारण्यासारखा याहून मोठा प्रश्न नाही. गुहेच्या भिंती स्टुडिओत बनवल्या आहेत, जमीन फरशीइतकी सपाट आहे, पैसे वाचवायला या मालिकेने यान ग्रहावर उतरवायचंच टाळलं आणि माणसं किरणांतून खाली पाठवली. हे सगळं माफ होतं. जो ग्रह बघून माणूस विचारतो की इथे चूल कशी पेटते, पाणी कुठून येतं, मेलेल्याचं काय करतात, तो ग्रह मनात राहतो. 'अवतार'मधला पँडोरा (२००९) बघताना डोळे दिपतात, तरंगते डोंगर आणि रात्री उजळणारं रान विसरणं कठीण आहे. तरी त्या रानात घागर घेऊन कोण कुठल्या वाटेने जातं, ते मला आजही आठवत नाही. जेनस-सहावर मात्र शेवटी तोडगा निघतो: हॉर्टाच्या पोरांनी दगड पोखरत जायचं, माणसांनी त्या बोगद्यांतून धातू गोळा करायचा, एकमेकांना हात लावायचा नाही. पन्नास मिनिटांत एक करार होतो, आणि त्या कराराने ग्रह जिवंत होतो.

टीव्ही बंद झाला की आजीच्या मागोमाग मागच्या दाराने बाहेर पडा. ती केळीतून जाते, सुकं पान बाजूला सारते आणि बावखलापाशी थांबते. बावखल म्हणजे वाडीच्या कडेला पूर्वजांनी खणून ठेवलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं, आणि विहिरींना वर्षभर गोडं पाणी देतं. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर. जमिनीखाली गोडं पाणी आणि खारं पाणी एकमेकांना रेटत उभी असतात. वरून मुरणारं कमी झालं किंवा उपसणारं वाढलं, की खारं आत सरकतं आणि विहीर फुकट जाते. काठावरची शेवाळ, पाण्यावर वाकलेली एक करंजाची फांदी, पायरीवर पितळी कळशीने पाडलेला खळगा. हात बुडवून बघा. मार्च असूनही पाणी गार आहे.

रस्त्यावरून टँकर जातो. मग दुसरा. वसईच्या विहिरींचं पाणी विकत घेऊन नव्या इमारतींकडे निघालेले हे टँकर पुढच्या काही वर्षांत इथल्या लढ्याचा विषय होणार आहेत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला 'हरित वसई संरक्षण समिती' उभी राहील, फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिचा आवाज होतील. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले ते हेच. जमीन बिनशेती करण्याविरुद्ध, पाणी उपसण्याविरुद्ध वाड्यांतली माणसं रस्त्यावर येतील. आजीला यातलं अजून काही माहीत नाही. ती फक्त टँकर मोजते आहे.

इथेच, बावखलाच्या काठावर उभं राहून 'ड्यून'मधला अराकिस ग्रह आठवा. डेव्हिड लिंचचा 'ड्यून' १९८४ सालचा, म्हणजे तुम्ही उभे आहात त्याच्या आदल्याच वर्षीचा; डेनिस विलनव्हचा २०२१ सालचा, जॉर्डनच्या वादी रम आणि अबू धाबीच्या वाळवंटात चित्रित झालेला. दोन्हींच्या मुळाशी फ्रँक हर्बर्टची १९६५ सालची कादंबरी, आणि तिच्याही मुळाशी एक समुद्रकिनारा. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात, फ्लोरेन्स नावाच्या गावाजवळ वाळूच्या टेकड्या सरकत होत्या, रस्ते आणि घरं गिळत होत्या. सरकारी शेतकी खातं गवत लावून ती वाळू धरून ठेवायचा प्रयत्न करत होतं. १९५७ साली हर्बर्ट त्यावर लेख लिहायला गेला. तो लेख कधी छापून आला नाही, पण वाळूला गवताने थोपवणारी माणसं त्याच्या डोक्यातून गेली नाहीत. वसईच्या किनाऱ्यावर तुम्ही सुरूच्या बागेतून चालला असाल. ते सुरूही वाळू आणि वारा अडवायला लावतात. अराकिस कुठल्या कामातून निघाला ते वसईकराला बागेतल्या बागेत दिसतं.

त्या ग्रहावर माणसं अंगात असा पोशाख घालतात की घामाचा थेंबही वाया न जाता पुन्हा पिण्याजोगा होतो. समोर कोणी थुंकलं तर तो अपमान नसून मान असतो, कारण त्याने तुमच्यासाठी आपल्या देहातलं पाणी खर्च केलं. मेलेल्या माणसाचं पाणी टोळीचं. हा एक नियम धरून हर्बर्टने रीतिभाती, लग्नं, युद्धं, देव रचले. 'ड्यून' माझ्या मते या सगळ्या ग्रहांत सर्वांत पक्का आहे, आणि त्याचं कारण तिथले अजस्र किडे किंवा तिथला मसाला यांत शोधायला जाऊ नये. कारण तो हिशेब आहे. तिथे प्रत्येक पात्राला आपल्याकडे किती पाणी आहे ते ठाऊक असतं. आजीलाही ठाऊक आहे. पायरी किती उघडी पडली यावरून ती पावसाला किती आठवडे आहेत ते सांगते.

परतीची गाडी पकडा. खाडीवर पुन्हा तो पोकळ आवाज, आणि साल मागे सरकतं. १९७४.

मुंबईच्या दुसऱ्या टोकाला, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, केंब्रिजहून दोन वर्षांपूर्वी परतलेले एक खगोलशास्त्रज्ञ मराठीत कथा लिहीत आहेत. मराठी विज्ञान परिषदेची स्पर्धा आहे. परीक्षकांनी नावावर जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलं आहे: नारायण विनायक जगताप. कथा 'कृष्णविवर'. तिला पहिलं बक्षीस मिळेल, मग कळेल की हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. पुढच्या वर्षी कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत तिचं कौतुक करतील आणि मराठी विज्ञानकथेला घरात जागा मिळेल. कृष्णविवराजवळ घड्याळ मंद चालतं, हे गणित तोवर इंग्रजी नियतकालिकांत राहत होतं. ते मराठी वाचकाच्या हाती आलं तेव्हा हॉलिवूडला तिथपर्यंत पोचायला अजून चाळीस वर्षं होती.

चाळीस वर्षं म्हणजे २०१४. गाडी पुन्हा उत्तरेला वळते. वाटेत १९९८ साली क्षणभर खिडकीतून डोकवा: केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' लागली आहे, मिलिंद सोमण दूरच्या भविष्यात पळून गेलेल्या गुन्हेगारांचा पाठलाग करतो आहे, आणि नालासोपाऱ्याच्या चाळीतली मुलं उशीचं कव्हर पाठीला बांधून गच्चीवर धावत आहेत. थांबायला वेळ नाही.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला आहे. वसई-विरार महानगरपालिकेला पाच वर्षं झाली आहेत. २०११ च्या जनगणनेत इथे बारा लाखांवर माणसं मोजली गेली. नोव्हेंबरात 'इंटरस्टेलर' लागतो. क्रिस्टोफर नोलनचा मिलर ग्रह आइसलँडमधल्या ब्रुनासांदुर या उथळ पाण्याच्या किनाऱ्यावर चित्रित झाला. घोट्या-गुडघ्यापर्यंत पाणी, सगळीकडे तेवढंच, आणि लांबवर जे डोंगर वाटतात त्या लाटा आहेत. जवळच्या कृष्णविवरामुळे इथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. हिशेब करून बघा: आपला एक अख्खा दिवस तिथे दीड सेकंदही टिकत नाही. नायक कूपर यानात परततो तेव्हा घरी तेवीस वर्षं उलटून गेली आहेत. तो पडद्यासमोर बसतो आणि साठलेले निरोप एकामागून एक बघतो. मुलगा शाळा संपवतो, लग्न करतो, बाप होतो. बाप तिथेच बसलेला, त्याच वयाचा.

आता तुमच्या शेजारी दांडा धरून उभ्या असलेल्या माणसाकडे बघा. विरारहून चर्चगेट साठ किलोमीटर. जायला दीड तास, यायला दीड तास. तो पहाटे निघतो तेव्हा मुलगी झोपलेली असते, परततो तेव्हाही झोपलेली असते. तिचा पहिला दात त्याने फोनवर पाहिला. तिचं "बाबा" त्याने फोनवर ऐकलं. रोजचे तीन तास मिलरच्या घड्याळाने मोजले तर एकवीस वर्षं होतात. सिनेमागृहात कूपर रडायला लागला तेव्हा हा माणूस का रडला, हे त्याच्या बायकोला सांगावं लागलं नाही. पडद्यावरच्या ग्रहांपैकी कुठलाही मला इतका ओळखीचा वाटलेला नाही, आणि तो ओळखीचा वाटावा याचं दुःखही आहे.

गाडी चार वर्षं पुढे सरकते आणि थांबते. जुलै २०१८. दोन दिवस पाऊस थांबलेला नाही. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली, वसई-विरार लोकल बंद, मिठागरांवर अडकलेल्या माणसांपर्यंत बचाव पथकं पोचायचा प्रयत्न करत आहेत. दारातून वाकून बघा: डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी, सगळीकडे गुडघाभर, सगळीकडे तेवढंच. पाणी मुरायच्या जागा भरून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या आणि पाण्याला समुद्राकडे जायची वाट उरली नाही. उन्हाळ्यात याच इमारतींखाली टँकर उभे होते. कोरडा अराकिस आणि बुडालेला मिलर एकाच तालुक्यात, एकाच वर्षात. आजीने ज्या पायरीवरून टँकर मोजले त्या बावखलासारखी कितीतरी बावखलं या काळात बुजवली गेली. जी उरली ती वाचवायला आता इथलीच माणसं झटत आहेत.

शेवटचा टप्पा आजचा. नायगावला उतरा आणि पुढच्या गाडीच्या लगेजच्या डब्यात चढा. पाचूबंदरची एक मावशी रिकाम्या पाट्या एकात एक घालून बसली आहे, मासळी संपली आहे, पाय पसरले आहेत. समोर कॉलेजातले दोघे फोनवर 'इंटरस्टेलर'मधली ती लाट बघत भांडत आहेत.

"एवढी मोठी लाट येऊच शकत नाही. पाणी तर गुडघ्याएवढं आहे."

"अरे, कृष्णविवर ओढतंय ना. शास्त्रज्ञ किप थॉर्नने लिहिलंय, ग्रह जागच्या जागी डुलतो, म्हणून पाणी हिंदकळतं. भरतीच आहे ती."

भरती म्हटल्यावर मावशी मान वळवते. फोन मागून घेते, लाट बघते, पुन्हा बघते.

"चांद किती हाय तिथं?"

"चांद नाही मावशी. चांदाच्या जागी ते काळं आहे ना, तेच ओढतं."

"मंग उधाण कवा आन् भांग कवा?"

दोघे एकमेकांकडे बघतात. "भांग नाहीच. कायम उधाण."

"दोन लाटांच्या मधी टाइम किती?"

"धर पाऊण तास. पण तो पाऊण तास म्हणजे आपली पाच वर्षं."

"आपली ऱ्हाऊ दे. तिथल्या मान्साला पाऊनच तास ना?" मावशी फोन परत देते आणि पाट्यांवर हात ठेवून विचार करते. "पाऊन तासात जालं टाकून काडता येल. पन लाट आली की होडी कुटं लावायची? किनाराच नाय."

एकजण म्हणतो होडी लाटेच्या पाठीवरच ठेवायची, दुसरा म्हणतो नांगर टाकायला तळ जवळच आहे, मावशी म्हणते तळ जवळ असला की लाट होडी आपटते, तुम्ही कधी पागायला गेलात का. वसई रोड येतं. ती उतरते, तेही उतरतात, आणि पुलाच्या पायऱ्या चढताना नांगर किती वजनाचा लागेल यावर तिघांचं अजून एकमत झालेलं नसतं.